खऱ्या फादरांनी काय सांगितले असते?



नोव्हेंबर महिना आपण मृतांच्या स्मरणार्थ पाळतो. २ तारखेला आपण सर्व दफनभूमीत जमलो होतो. कबरी साफ केल्या, फुले वाहिली, मेणबत्त्या लावल्या आणि वाऱ्याने त्या विझल्या की शेजारच्या कबरीवरच्या मेणबत्तीने पुन्हा पेटवल्या. त्यानंतरच्या रविवारी आपल्या युवकांची सभा होती. 'मरण आणि ख्रिस्ती आशा' असा विषय मी ठरवला होता, टिपणेही काढली होती. ती टिपणे अजून माझ्या टेबलावर तशीच पडून आहेत. कारण सभा सुरू होऊन दहा मिनिटे झाली नाहीत तोच कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी म्हणाली, "फादर, एक विचारू? हसणार नाही ना?"

ती मोबाईलवर एक जुनी इंग्रजी मालिका पाहत होती. 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' हे त्या मालिकेचे नाव. अमेरिकेत ती १९९७ ते २००३ या काळात सात पर्वांत दाखवली गेली. व्हॅम्पायर म्हणजे रक्त पिऊन जगणारे, मरूनही न मेलेले पिशाच्च, हे तरुणांना सांगावे लागत नाही. मोठ्यांपैकी अनेकांना निदान ड्रॅक्युला ठाऊक असेल. या मालिकेत ड्रुसिला नावाची एक व्हॅम्पायर आहे. तिला पुढचे दिसते. आपल्या माणसांची मरणेही तिला आधी दिसली असतील, तर तिच्या मनाचे काय झाले असेल, यावर आमच्या मुलांची चर्चा रंगली. मी गंमत म्हणून ऐकत होतो. मग त्या मुलीने ड्रुसिलाची मूळ कथा सांगितली आणि शेवटी मला विचारले, "फादर, ती त्या दिवशी खऱ्या फादरांकडे गेली असती, तर त्यांनी तिला काय सांगितलं असतं?"

मला उत्तर देता आले नाही. "पुढच्या वेळी बोलू" असे म्हणून मी सभा आटोपती घेतली. ते उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे. ती मालिका मी पाहिलेली नाही असे लिहिणार होतो, पण तेही खरे नाही. त्या मुलीने सांगितलेले भाग मी दोन रात्री बसून पाहिले. (लहान मुलांना दाखवण्यासारखी ती मालिका नाही, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.)

कथा अशी आहे. १८६० सालचे लंडन. ड्रुसिला ही साधी, देवभीरू मुलगी. इंग्लंडमध्ये कॅथोलिक धर्मप्रांत त्याआधी दहाच वर्षे, १८५० साली, पुन्हा स्थापन झाले होते. ही मुलगी एके दिवशी घाबरून पापनिवेदनाला जाते. जाळीपलीकडच्या फादरांना ती सांगते, की माणसे खाणीत कामाला निघाली होती तेव्हा तिच्या पोटात गोळा आला आणि तिला भयंकर अपघात दिसला. आईने तिला गप्प बसायला सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी खाण कोसळली व दोन माणसे दगावली. आई म्हणते, तू शापित आहेस. घडण्याआधी पाहण्याचा अधिकार एकट्या परमेश्वराचा, तुझे हे पाहणे म्हणजे त्याचा अपमान. मुलगी विनवते, की ती हे मुद्दाम करत नाही, तिला चांगले व्हायचे आहे.

परंतु जाळीपलीकडे धर्मगुरू नाही. एंजेलस नावाच्या व्हॅम्पायरने फादरांना ठार मारले आहे आणि तो त्यांच्या जागी बसला आहे. तो तिला सांगतो, की ती सैतानाची आहे, काहीही केले तरी तिची सुटका नाही. पुढे तो तिची सगळी माणसे एकेक करून मारतो. ती कॉन्व्हेंटमध्ये आसरा घेते. ज्या दिवशी ती व्रत घेते त्याच दिवशी तो तिला व्हॅम्पायर करतो. तोवर तिचे मन पूर्णपणे ढासळलेले असते.

आता त्या दिवशी माझी वाचा का बसली ते सांगतो. त्यासाठी मला एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. ती पापनिवेदनात ऐकलेली नाही, धर्मगुरू निवासाच्या ओट्यावर ऐकलेली आहे. आणि जिच्याबद्दल आहे त्या बाईंनी, "सांगा फादर, कुणाच्या उपयोगी पडलं तर," असे मला पूर्वीच म्हटले आहे.

मी नवीनच धर्मगुरू झालो होतो. समुद्रकाठच्या एका धर्मग्रामात सहायक म्हणून माझी नेमणूक झाली होती. एके दिवशी दुपारी एक बाई आल्या. नवरा बोटीवर जाणारा. त्यांना स्वप्न पडले होते: नवरा दारात उभा आहे, अंगावरून पाणी निथळते आहे, त्या त्याला आत बोलावत आहेत आणि तो येत नाही. "फादर, मी काय करू?" असे त्यांनी विचारले. मी तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकून ताजा बाहेर पडलेला. मी त्यांना समजावले, की स्वप्नांवर विश्वास ठेवणे ही अंधश्रद्धा आहे, भविष्य पाहणे ख्रिस्ती माणसाला वर्ज्य आहे, हा विचार मनात घोळवणे हेच पाप होईल. रोझरी म्हणा आणि विसरून जा. पाच मिनिटांत त्यांची बोळवण केली. काम नीट केल्याचे समाधानही मला वाटले.

तीन आठवड्यांनी तो माणूस गेला. समुद्रात नव्हे. बोट सुखरूप परतली होती. किनाऱ्यावर जाळी उतरवत असताना छातीत कळ आली आणि संपले. म्हणजे स्वप्न खरे झाले असे म्हणावे की नाही, हे मला आजही कळलेले नाही. बोटीवर जाणाऱ्यांच्या बायकांना अशी स्वप्ने पडतच असतात आणि त्यातली बहुतेक सकाळी चहाबरोबर विरून जातात. एवढेच, की हे विरले नाही.

अंत्यविधीला त्या माझ्याशी काही बोलल्या नाहीत. वर्षाच्या मिस्साला आल्या तेव्हा मिस्सा झाल्यावर थांबल्या. म्हणाल्या, "फादर, तुम्ही पाप म्हणालात म्हणून मी गप्प राहिले. ह्यांना काहीच बोलले नाही. तीन आठवडे मी ह्यांच्याकडं धड बघितलं पण नाही. बघितलं की दारातला तो ओला माणूस दिसायचा. ह्यांना वाटलं मी रागावलेय. विचारलं पण, काय झालं म्हणून. मी म्हटलं, काही नाही."

नवऱ्याला घरी थांबवायला हवे होते, अशी त्यांची तक्रार नव्हती. आज तरुणांना विचारले, तर बहुतेक जण पहिल्यांदा तेच म्हणतील: आधी कळले तर वाचवता येईल. त्या बाईंचे दुःख वेगळे होते. शेवटचे तीन आठवडे त्यांना मिळाले होते आणि ते कोरडे गेले. तोंड मी बंद केले होते. ड्रुसिलाच्या आईनेही तिला गप्पच बसायला सांगितले होते. तो प्रसंग ऐकताना मला धसका बसला तो त्यामुळे. जाळीपलीकडच्या त्या पिशाच्चाची जात वेगळी आणि हेतू दुष्ट. माझा हेतू चांगला होता. पण समोरच्या घाबरलेल्या बाईला आम्ही दोघांनीही एकच गोष्ट सांगितली होती: तुझे हे दिसणे हेच पाप आहे.

आता प्रश्नाकडे वळू. आधी दिसणे हे पाप आहे का?

ड्रुसिलाच्या आईचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात परिच्छेद २११६ मध्ये भविष्यकथन, कुंडली, हस्तरेषा, मृतात्म्यांना बोलावणे या सर्वांचा स्पष्ट निषेध आहे. मी त्या बाईंना जे ऐकवले ते याच परिच्छेदातले होते. परंतु त्याच्या आधीचा परिच्छेद, २११५, मी गाळला होता. परमेश्वर आपल्या संदेष्ट्यांना किंवा इतर संतांना पुढचे प्रकट करू शकतो, असे तिथे सांगितले आहे. निषेध आहे तो पुढचे ओरबाडून घेण्याचा, काळावर आणि माणसांवर सत्ता गाजवण्याच्या हव्यासाचा. जे न मागता डोळ्यांपुढे येते, त्याने जी घाबरते, तिला हा निषेध लागू होत नाही. ज्योतिषाकडे पाचशे रुपये घेऊन जाणारा माणूस आणि मध्यरात्री दचकून उठणारी बाई यांना एकाच मापाने मोजणे चुकीचे आहे. मी तेच केले होते.

दुसरा धागा अधिक गुंतागुंतीचा आहे. ज्याला दिसते त्याला हळूहळू वाटू लागते, की आपण पाहिले म्हणून ते घडले. ही भावना मी अनेक घरांत पाहिली आहे. "माझ्या मनात आलं होतं फादर, आणि तसंच झालं," असे म्हणताना माणसाचा आवाज खाली जातो, जणू त्यानेच काही केले आहे. या प्रश्नावर सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी बोएथियस नावाच्या ख्रिस्ती विचारवंताने तुरुंगात बसून विचार केला. साधारण ५२४ सालची ही गोष्ट. राजद्रोहाच्या आरोपाखाली त्याला देहदंड व्हायचा होता, म्हणजे स्वतःचे मरण त्याला समोर दिसत होते. त्याचा प्रश्न देवाबद्दल होता: देवाला सर्व आधी ठाऊक असेल, तर माणूस स्वतंत्र कसा? त्याचे उत्तर असे, की पाहण्याने पाहिलेली गोष्ट घडत नाही. रस्त्याने चाललेला माणूस तुम्हाला दिसतो, पण तुम्ही पाहता म्हणून काही तो चालत नाही. देवाच्या पाहण्याने जर कोणाला ढकलले जात नाही, तर लंडनमधल्या एका मुलीच्या पाहण्याने खाण कशी कोसळेल?

संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार पुढे नेताना एक दाखला दिला आहे. वाटेने चालणाऱ्याला आपल्या मागून कोण येत आहे ते दिसत नाही. उंचावर उभा असलेला मात्र सगळी वाट आणि तिच्यावरचे सर्व वाटसरू एकदम पाहतो. देवाचे पाहणे असे उंचावरचे आहे. सेमिनरीत हा दाखला मी परीक्षेपुरता पाठ केला होता. ड्रुसिलाची गोष्ट ऐकल्यावर त्यातले एक अंग मला नव्याने दिसले. तिला वाटेचा एक तुकडा तेवढा दिसतो. अपघात दिसतो, मरण दिसते, आणि तिथे चित्र संपते. पलीकडची वाट तिला दिसत नाही. देवाला मरण आणि मरणापलीकडचे एकत्रच दिसते. तिच्या वाट्याला अर्धेच आले होते, आणि अर्धे पाहून कोणीही घाबरेल.

मग व्हॅम्पायर झाल्यावर तिचे काय झाले? (मालिकेत व्हॅम्पायर होताना माणसाचा आत्मा निघून जातो व शरीर तेवढे चालत राहते असे दाखवले आहे. संत थॉमस यांना हे पटले नसते. आत्म्याशिवायचे शरीर हे त्या माणसाचे शरीरच नव्हे, असे त्यांनी म्हटले असते. पण कथा आहे, चालायचेच.) तिला मरण नाही. म्हणजे ज्यांची मरणे तिने पाहिली, त्यांच्या मागून जाण्याची वाटही तिला बंद झाली. आपण दफनभूमीत मेणबत्ती लावतो तेव्हा आपल्यालाही एक दिवस तिथेच यायचे आहे हे मनात असते, आणि त्यात एक विसावा असतो. तिला तो नाही. ती बाहुल्यांशी बोलते, त्यातल्या एकीला चूक केली म्हणून शिक्षा करते. एका प्रसंगात ती पिंजऱ्यातल्या पक्ष्याला गाणे म्हणायला सांगते. पक्षी कधीच मेलेला असतो. तिने त्याला दाणापाणीच दिलेले नसते, आणि त्याच्याआधीच्या पक्ष्याचेही तसेच झालेले असते.

त्या पक्ष्यापाशी मी बराच वेळ थांबलो. जे जाणार आहे हे ठाऊक आहे, त्याला दाणे टाकायचे कशाला? पुढचे पाहणाऱ्याच्या मनात हा विचार शिरला, की त्याचे प्रेम मरणाच्या आधीच संपते. ड्रुसिला पुढे स्पाईक नावाच्या आपल्या जोडीदारालाही अशीच सोडते. त्याच्याभोवती तिला दुसरीच स्त्री दिसू लागते, पुढे तो आपला राहणार नाही हे तिला आधी कळते, आणि अजून तो समोर उभा असतानाच ती त्याला गमावून बसते. त्या बाईंचे ते तीन आठवडे मला इथे पुन्हा आठवले. जिवंत माणसाचा दुखवटा पाळला गेला होता.

हे सर्व पिशाच्चांच्या गोष्टीपुरते राहिले असते, तर मी बुलेटिनची इतकी पाने अडवली नसती. पण आज आपल्यातले पुष्कळ जण ड्रुसिलाच्या जागी उभे आहेत. त्यांना ही दृष्टी स्वप्नाने आलेली नाही, रिपोर्टने आलेली आहे. डॉक्टर बाहेर येऊन मुलाला बाजूला घेतात आणि सहा महिने म्हणतात. त्या क्षणापासून त्या मुलाला बाबा दिसत नाहीत, सहा महिने दिसतात. मी रुग्णाला पवित्र कम्युनियन घेऊन जातो तेव्हा जिन्यातच कोणीतरी गाठून सांगते, "फादर, त्यांना काही बोलू नका हं, त्यांना माहीत नाही." आत गेल्यावर रुग्ण हळूच म्हणतो, "फादर, घरच्यांना सांगू नका, पण मला सगळं कळलंय." दोघेही एकमेकांना सांभाळत असतात. त्या सांभाळण्यात निरोप राहून जातो.

विज्ञान ही दृष्टी आणखी पुढे नेत आहे. हंटिंग्टन नावाचा मेंदूचा एक आनुवंशिक आजार आहे. आई किंवा वडिलांना तो असेल, तर मुलाला होण्याची शक्यता निम्मी असते आणि त्यावर अजून इलाज नाही. १९९३ साली त्यामागचे जनुक सापडले, तेव्हापासून रक्ताच्या चाचणीने हा आजार पुढे होणार की नाही हे कित्येक वर्षे आधी सांगता येते. तरीही ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यातले बहुसंख्य लोक चाचणी करून घेत नाहीत. २०१७ साली जर्मनी व स्पेनमधल्या लोकांना विचारून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे येणारी वाईट गोष्ट आधी जाणून घ्यायला आवडेल का, असे विचारल्यावर दहापैकी जवळजवळ नऊ जणांनी नको म्हटले. जोडीदार कधी मरणार हेही त्यांना नको होते. मी त्यांना भित्रे म्हणणार नाही. उद्याचे ओझे आज उचलायला माणूस कचरतो, आणि प्रभूनेही डोंगरावरच्या प्रवचनात उद्याची चिंता उद्यावर सोडायला सांगितले आहे.

पण आपल्या परंपरेत याच्या उलट जाणारीही एक गोष्ट आहे. आज कोणी झोपेत गेले, की आपण म्हणतो, "सुखाचं मरण आलं, काही कळलंही नाही." आपल्या पूर्वजांना असे मरण नको होते. संतांच्या लितानीत, अवचित व तयारीविना येणाऱ्या मरणापासून सोडव, अशी विनवणी ते करत आले. त्यांना मरण येताना कळायला हवे होते. कशासाठी? पापनिवेदनासाठी, रुग्णाभ्यंगासाठी, देणी-घेणी मिटवण्यासाठी, भावाशी अबोला असेल तर त्याला बोलावण्यासाठी. आधी कळणे हे त्यांना दान वाटत होते, कारण त्या कळण्यात सगळे घर सामील होत असे. खाटेभोवती माणसे असत. रोझरी चालू असे. एकट्याने अंधारात पाहणे आणि दहा जणांनी मिळून पाहणे यात किती अंतर आहे!

पवित्र मरियेचे उदाहरण पाहा. येशूबाळाला मंदिरात नेले तेव्हा शिमोनाने तिला सांगितले, की तिच्या जिवात तलवार शिरेल. बाळ चाळीस दिवसांचे. त्या दिवसापासून मरिया पुढचे ठाऊक असलेली आई होती. तिने त्या बाळाला आपल्यापासून दूर ठेवले नाही. पुढे तीसेक वर्षांनी ती काना गावच्या लग्नाला गेली आणि तिथे द्राक्षारस संपल्याचे तिच्या लक्षात आले. मला हे फार मोठे वाटते. मनात तलवारीचे भाकीत घेऊन फिरणाऱ्या बाईचे लक्ष परक्या घरच्या रिकाम्या भांड्यांकडे गेले.

आणि प्रभू येशू. लाजरस आजारी असल्याचा निरोप आला, तेव्हा पुढे काय होणार हे त्याला ठाऊक होते. लाजरस मेला हे शिष्यांना त्यानेच सांगितले, आणि आपण त्याला उठवायला चाललो आहोत हेही सांगितले. म्हणजे थॉमस यांच्या दाखल्यातली सगळी वाट त्याला दिसत होती, मरणही आणि पलीकडचेही. बेथानीला पोचल्यावर मार्था त्याला म्हणाली, की तो आधी आला असता तर भाऊ मेला नसता. मरियाही तेच म्हणाली. आणि तो रडला. काही मिनिटांतच लाजरस कबरेबाहेर येणार होता, मग रडायचे कारण काय? सेमिनरीत आम्ही यावर बराच वाद घालत असू. आता मला वाद घालावासा वाटत नाही. पलीकडचे दिसते म्हणून अलीकडचे दुःख खोटे ठरत नाही, आणि ज्याला सगळे ठाऊक होते तोही त्या बहिणींजवळ उभा राहून रडला, एवढे मला पुरते. "काळजी करू नका, चार मिनिटांत उठवतो" असे तो म्हणाला नाही.

तर, माझ्या त्या विद्यार्थिनीला उत्तर. (तिने हा प्रश्न का विचारला, हे मी तिला विचारले नाही. कोणी तर्कही करू नये.)

खऱ्या फादरांनी काय सांगितले असते हे ठामपणे कसे सांगू? मीही खराच फादर होतो आणि मी काय सांगितले ते वर लिहिले आहे. आज ती मुलगी माझ्याकडे आली, तर प्रथम मी तिचे बोलणे मध्ये न तोडता ऐकेन. मग सांगेन, की बाळ, तू यात काही पाप केलेले नाहीस, त्यामुळे या गोष्टीसाठी पापक्षमा देण्याचे कारण नाही. खाण तुझ्यामुळे कोसळली नाही. तुला जे दिसते ते खरे की भीती, हे मला ठरवता येणार नाही, कदाचित तुलाही येणार नाही. कोणाला सावध करता येण्यासारखे असेल तर जरूर सावध कर, लोक हसले तरी चालेल. योनाने निनवे शहर बुडणार म्हणून सांगितले. लोकांनी पश्चात्ताप केला आणि शहर वाचले. योनाचे भाकीत चुकले, तो रुसून बसला, पण माणसे जगली. तुझेही चुकले तर मला आनंदच होईल. आणि सावध करण्यासारखे काही नसेल, तर निदान एकटी राहू नकोस. घरात कोणाजवळ तरी बोल. आई गप्प बस म्हणाली, तर उद्या आईला इकडे घेऊन ये, मी तिच्याशी बोलेन.

मग मी तिला तिच्या घरच्यांची नावे विचारेन. आईचे, बहिणींचे. एकेकाचे नाव घेऊन आम्ही दोघे प्रार्थना करू. पापनिवेदनाची ती जागा काळोखी असते, तिथे तिला फार वेळ बसू देणार नाही. मी बाहेर येऊन तिला दारापर्यंत सोडेन आणि आज घरी जेवायला काय आहे ते विचारेन. तिला माहीत नसेल, तर म्हणेन, जा, लवकर जा, आईला चुलीपाशी मदत कर आणि आज सगळ्यांच्या पंगतीला बस.

त्या बाई अजून आहेत. अधूनमधून त्यांचा फोन येतो. हा लेख लिहिण्याआधी मी त्यांना पुन्हा एकदा विचारले. लिहा म्हणाल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "फादर, आता दिसतात ते स्वप्नात कधीकधी. पण कोरडे असतात. आत येऊन बसतात."